कंपनीच्या बसमधली दहावी

वर्षाली रोज सकाळी सहा वाजता ग्रुपवर एक सुविचार पाठवायची. मागे उगवता सूर्य, नाहीतर डोंगर, नाहीतर समुद्रात एकटीच होडी, आणि त्यावर पांढरी अक्षरं : ‘अपयश ही यशाची पहिली पायरी आहे.’ ग्रुपचं नाव तिनेच ठेवलं होतं, ‘दहावी पक्की’. ग्रुपमध्ये अकरा बायका होत्या आणि रोज अकरा जोडलेले हात यायचे. पुढे काही नाही.

या अकराजणी चाकणच्या एका कंपनीत पॅकिंगला होत्या. कंपनी गाड्यांचे दिवे बनवायची. पॅकिंगमधून मशीनवर जायचं तर दहावी पास पाहिजे, असा नियम. कुणी आठवीत शाळा सोडलेली, कुणी नववीत, एकदोघी दहावीला नापास होऊन घरी बसलेल्या. गणपतीच्या सुमारास अकराजणींनी बाहेरून परीक्षा द्यायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. शिकवणार कोण, असा प्रश्न आला तेव्हा वर्षालीने स्वतःहून हात वर केला. ती ट्रेनिंग विभागात हजेरीचं काम करायची. वय सव्वीस. बी.एड. झाली होती, पण शाळेत नोकरी मिळाली नव्हती. शिकवायला मिळतंय म्हटल्यावर तिला दोन रात्री आनंदाने झोप लागली नाही.

जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटं आणि शिफ्ट सुटल्यावर बस निघेपर्यंत पंधरा, एवढाच वर्ग. दिवाळीनंतर तोही पातळ झाला. कुणाचं डोकं दुखायचं, कुणाला घरी पाहुणे. उरलेल्या बायका फळ्याकडे बघायच्या, पण डोळ्यांत पॅकिंगचं टार्गेट असायचं.

एका दुपारी वर्षालीने विचारलं, “सकाळचा सुविचार वाचला का सगळ्यांनी?”

शेवटी इंदुताई बोलल्या. इंदुताई अकराजणींत सगळ्यात मोठ्या, चव्वेचाळीसच्या. मूळच्या लातूरकडच्या, आता काळेवाडीत राहायच्या. पॅकिंग लाइनवर त्यांचा शब्द सुपरवायझरही खाली पडू द्यायचा नाही.

“मॅडम, राग मानू नका,” त्या म्हणाल्या, “पर ते सूर्याचे फोटो तेवढे बंद करा. फोन भरून जायलाय. परवा नातवाचा व्हिडिओ आला नाही त्याच्यापायी.”

सगळ्या फस्सकन हसल्या. वर्षालीही हसली, पण तिचे कान लाल झाले. एकेक चित्र शोधायला तिला अर्धा अर्धा तास लागायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुविचार न पाठवताच ती बसमध्ये बसली होती. ही बस काळेवाडी फाट्यावरून पावणेसातला सुटायची, निगडीत वर्षालीला घ्यायची, स्पाईन रोडने मोशी आणि तिथून नाशिक हायवेने चाकण. मोशीच्या पुढे बस मुंगीसारखी चालायची. त्या दिवशी तर एक कंटेनर आडवा पडला होता.

वर्षालीच्या मागच्या सीटवर इंदुताई आणि विजयश्री होत्या. विजयश्री तेवीस वर्षांची, खेड तालुक्यातल्या एका गावाची, लग्न होऊन चिखलीला आलेली. ती रडवेल्या आवाजात म्हणत होती, “ताई, माझ्यानं न्हाई व्हायचं. गणिताचं पुस्तक उघडलं की डोकं असं जड व्हतं!”

इंदुताई म्हणाल्या, “अगं येडे, खोका रिकामा असतो तवर हलका. जड लागायलंय म्हंजे आत माल पडायलाय!”

विजयश्री हसली. नाक पुसून तिने पुस्तक पुन्हा उघडलं.

वर्षाली ताडकन ताठ बसली. इतके दिवस ती जगभरातल्या थोर माणसांची वाक्यं शोधत होती आणि असलं वाक्य मागच्या सीटवर बसून बसने प्रवास करत होतं! तिने वळून इंदुताईंचा फोटो काढला. “काय करायलाव मॅडम?” इंदुताई पदर सारखा करेपर्यंत फोटोवर वाक्य चढलंसुद्धा. खाली मोठ्या अक्षरांत नाव : इंदुताई, पॅकिंग लाइन तीन. आणि पाठवला ग्रुपवर.

बसमध्ये अकरा फोन एकदम वाजले. मग जो गलका उठला तो विचारू नका. “ताई, तुमी फेमस!” “ताई, हा माझ्या स्टेटसला ठेवते!” इंदुताईंनी फोन हातभर लांब धरून स्वतःचा फोटो पाहिला आणि तोंडाला पदर लावला. “अगं बया, माझा सुविचार झाला की!” पुढून ड्रायव्हर सोपानराव ओरडले, “मलाबी पाठवा राव!” कंपनीत पोचेपर्यंत ग्रुपवर त्रेसष्ट मेसेज झाले होते.

त्या दिवसापासून सूर्य आणि डोंगर गेले. रोज एकीचं वाक्य आणि तिचाच फोटो. अट एकच, वाक्य कुठून उचललेलं नको, स्वतःचं पाहिजे. बायका लाइनवर काम करता करता वाक्यं जुळवायला लागल्या. विजयश्रीचं आलं, ‘चूक लवकर घावली तर एकच खोका उघडावा लागतो.’ एकीने लिहिलं, ‘पोराला अभ्यास कर म्हणताना आता माझी जीभ अडखळत नाही, कारण माझंही पुस्तक उघडं असतं.’ ते कुणाच्या तरी स्टेटसला वाचून सुरेंद्र सरांनी, म्हणजे मनुष्यबळ विभागाच्या साहेबांनी, कॅन्टीनच्या भिंतीवर त्याची प्रत लावली. वर्ग पुन्हा भरला. अकराच्या अकरा.

पण वेळ? वीस आणि पंधरा मिनिटांत दहावी कशी बसायची? यावर वर्षालीला उत्तर सुचलं तेही बसमध्येच. सकाळी सव्वा तास, संध्याकाळी दीड तास, बायका बसमध्ये बसूनच असतात. तिने फोनवर एक फुकटातलं प्रश्नमंजुषेचं ॲप शोधलं. आपण प्रश्न तयार करायचे, सगळ्यांना एक कोड द्यायचा, तो टाकला की प्रत्येकीच्या फोनवर प्रश्न आणि चार रंगांत चार उत्तरं. वीस सेकंदांत बोट टेकवायचं. लवकर आणि बरोबर असेल त्याला जास्त गुण. प्रत्येक प्रश्नानंतर नावांची यादी खालीवर होते.

पहिला खेळ सोमवारी झाला. स्पाईन रोडला वर्षाली बसच्या मधोमध उभी राहिली, एका हाताने दांडी पकडलेली, दुसऱ्यात फोन. बसच्या आवाजात कुणाला वाचायला जमेल की नाही म्हणून ती प्रश्न मोठ्याने वाचत होती, उत्तरंही.

“तीन, सात, अकरा, पंधरा. पुढची संख्या कोणती? लाल सतरा, निळा अठरा, पिवळा एकोणीस, हिरवा वीस!”

“पिवळा!” मागून कंपनीतले एक भाऊ ओरडले.

“ओ भाऊ!” सात-आठजणी एकदम वळल्या. “तुमची दहावी झालीय ना? गप बसा की!”

यादी आली. पहिलं नाव इंदुताई. दुसऱ्या प्रश्नानंतरही इंदुताई. दहा प्रश्न झाले, इंदुताईंचे नऊ बरोबर. “खोके रचायचे असतेत तसंच हाय की हे,” त्या म्हणाल्या. “दर थराला चार वाढायलेत.” अंकगणिती श्रेढी नावाचा धडा, ज्याला सगळ्या घाबरून होत्या, तो मोशीच्या चौकात संपला.

बायकांना वेड लागलं. बस मोकळी धावायला लागली की त्या कुरकुरायच्या. सोपानराव आरशात बघून विचारायचे, “मॅडम, चिंबळीला जाम हाय असं कळतंय. अजून एक घेता का?” आणि बसमधून आरोळी यायची, “घेतो!” पुण्याच्या रस्त्यावर जामची वाट बघणारी ही एकच बस असेल. डिसेंबर असा गेला. विजयश्री घरी नवऱ्याला प्रश्न विचारायला लागली. एकीच्या सासूबाई सकाळी डबा भरून द्यायला लागल्या, सुनेला बसआधी उजळणी करता यावी म्हणून. इंदुताई बहुतेक वेळा पहिल्या असायच्या आणि वर्षाली घरी आईला सांगायची, “गणितात ती बाई सत्तरच्या पुढे जाणार बघ!”

जानेवारीत वर्षालीने दोन गोष्टी केल्या. परीक्षेत प्रश्न कुणी वाचून दाखवत नाही, तेव्हा आता आपले आपण वाचा, असं सांगून तिने बसमध्ये मोठ्याने वाचणं बंद केलं. आणि महिन्याअखेरीला एका रविवारी सराव परीक्षा घेतली, छापील पेपर, चाळीस गुणांचा बीजगणिताचा.

इंदुताईंना नऊ मिळाले.

वर्षालीने पेपर दोनदा तपासला. नऊच. सोमवारी पेपर वाटले तेव्हा इंदुताईंनी आपला घडी करून पिशवीत ठेवला. संध्याकाळी ग्रुपवर बारीक अक्षरांत एक ओळ उमटली : इंदुताई ग्रुपमधून बाहेर पडल्या.

वर्षालीने फोन हातात घेतला. त्यांना एकटीला काहीतरी पाठवावं म्हणून एक ओळ लिहिली, ‘हरणं वाईट नाही, थांबणं वाईट.’ वाचली आणि पुसली. दुसरी लिहिली. तीही पुसली.

सकाळी बसमध्ये इंदुताई सगळ्यात मागे खिडकीशी बसल्या होत्या. वर्षाली शेजारी जाऊन बसली.

“ताई, एका पेपरनं काय होतं?”

“मॅडम, मला सांगू नका.” इंदुताई बाहेरच बघत होत्या. “ते खोक्याचं वाक्य मीच बोलले ना? लोकांच्या स्टेटसला हाय माझा फोटो. आता कोणत्या तोंडानं पास होते म्हणू? दुसऱ्याला सांगायला सोपं असतंय. माझ्या डोक्यात माल जाईना गेलाय. खरं ते खरं.”

वर्षाली पुढे येऊन बसली. पण एक गोष्ट तिला पटेना. डिसेंबरात दहापैकी नऊ बरोबर देणारी बाई जानेवारीत एवढी कशी घसरते? त्या ॲपमध्ये प्रत्येक खेळाचा अहवाल जमा व्हायचा. कुणी कोणता प्रश्न किती सेकंदांत सोडवला, काय दाबलं, सगळं. वर्षालीने आजवर तो कधी उघडला नव्हता. तिला फक्त पहिल्या नंबरचं टाळ्या वाजवणारं चित्र आवडायचं. आता तिने डिसेंबर उघडला, मग जानेवारी.

डिसेंबरात इंदुताईंची उत्तरं सात-आठ सेकंदांत. जानेवारीत अठरा, एकोणीस, कधी वेळ संपून गेलेला. आणि चुकलेली उत्तरं कशी? जिथे वजा आठ हवं तिथे आठ. जिथे ३५ तिथे ३६. वजाचं चिन्ह दर वेळी हरवलेलं. मग तिने तपासताना फोनमध्ये काढून ठेवलेला इंदुताईंच्या सराव पेपरचा फोटो उघडला. तिथेही तेच! रीत बरोबर, पायऱ्या बरोबर, पण पहिल्याच ओळीत आकडा चुकीचा उतरवलेला. चुकलेल्या सातच्या सात गणितांत.

हे न येणाऱ्या माणसाचं नव्हतं. हे न दिसणाऱ्या माणसाचं होतं!

वर्षाली चालत्या बसमध्ये धडपडत मागे गेली. “ताई, हे वाचा बरं,” म्हणत तिने पुस्तक पुढे केलं. इंदुताईंनी पुस्तक हातभर लांब धरलं, डोळे बारीक केले, मग आणखी लांब धरलं. हात संपला.

“जवळ घ्या की.”

“जवळ घेतलं की सगळं दुधावानी होतंय.”

“कधीपासून?”

“काय की. दोनेक वर्षं झाली असतील. पॅकिंगच्या लेबलला मोठाली अक्षरं असतेत, तिथं काय अडत नाही. मला वाटलं, पुस्तक म्हटल्यावर असंच होत असंल सगळ्यांना. डोकं शिणलं की.”

“ताई,” वर्षाली एवढ्या मोठ्याने म्हणाली की सोपानरावांनी आरशात पाहिलं, “तुमचं डोकं ठणठणीत आहे! तुम्हाला चष्मा लागलाय!”

त्याच संध्याकाळी दोघी काळेवाडीतल्या चष्म्याच्या दुकानात गेल्या. दुकानदाराने डोळे तपासले, दोनचा नंबर काढला आणि तपासायच्या लोखंडी चौकटीत भिंगं घालून इंदुताईंच्या नाकावर ठेवली. समोर छापील कागद धरला. इंदुताईंनी एक ओळ वाचली. दुसरी वाचली. मग कागद बाजूला सारून त्यांनी दुकानात दिसेल ते वाचायला सुरुवात केली. काउंटरवरची पावती, डोळ्यांच्या थेंबांची बाटली, त्या बाटलीवरची तळाची ओळ.

“अगं बया! इतकं बारीक छापतेत होय हे लोक! आन् मला वाटलं रेघ मारलीय!”

दुकानदार हसला. वर्षालीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायला तिने उगाच फ्रेम बघायला घेतल्या. चष्मा गुरुवारी मिळाला. शुक्रवारी इंदुताई स्वतः म्हणाल्या, मला परत ग्रुपात घ्या, आणि पेपर पण परत द्या, तोच द्या. वर्षालीने तोच पेपर दिला. चाळीसपैकी एकतीस!

परीक्षेला महिनाही उरला नव्हता. तो महिना कसा गेला ते कुणालाच नीट सांगता यायचं नाही. बायका उभ्याने जेवल्या, बसमध्ये पाठ केलं, सुट्टीच्या दिवशी विजयश्रीच्या घरी गच्चीवर बसल्या. परीक्षेचे दिवस आले आणि गेले. मग वाट बघणं.

निकाल मे महिन्यात, मंगळवारी दुपारी एकला लागणार होता. शिफ्टमध्ये फोन लॉकरमध्ये ठेवावे लागायचे. त्या दिवसापुरती सुरेंद्र सरांनी परवानगी दिली. एक वाजता कॅन्टीनमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. अकराजणी एका टेबलाभोवती, त्यांच्याभोवती सगळी लाइन, दारात सोपानराव.

वेबसाइट उघडेना. नुसतं चाक फिरत होतं. एकदा उघडली आणि बंद पडली. “आमच्यापेक्षा हिचंच पॅकिंग ढिलं हाय,” कुणीतरी म्हणालं. सगळे हसले आणि लगेच गप्प झाले, कारण एकीच्या फोनवर पान उघडलं होतं. पास! मग दुसरी. पास! टेबल दणाणलं.

इंदुताईंच्या फोनवर दोन चौकोन आले. पहिल्यात बैठक क्रमांक. तो त्यांनी टाकला. दुसऱ्या चौकोनापाशी त्यांचं बोट थांबलं.

“हितं काय लिहायचं मॅडम?”

“आईचं नाव.”

“माझ्या आईचं?”

“हो ताई. तुमच्या आईचं पहिलं नाव. त्याशिवाय निकाल दिसत नाही.”

नंतर परीक्षेचा अर्ज भरताना ते वर्षालीनेच विचारून लिहिलं होतं. त्या घाईत इंदुताईंच्या काही लक्षात आलं नसावं. आता मात्र त्या चौकोनाकडे बघत राहिल्या. त्यांची आई जाऊन बारा वर्षं झाली होती. रेशन कार्डावर नवरा, बँकेत नवरा, लग्नाआधी सगळीकडे वडील. आईचं नाव कुठे लिहायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती.

“मुक्ता,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. मग एकेक अक्षर शोधत इंग्रजीत लिहिलं. एम. यू. के. टी. ए. आणि बोट टेकवलं.

उत्तीर्ण. एकोणसाठ टक्के. गणितात एकसष्ट.

पुढची दोन मिनिटं कॅन्टीनमध्ये काय आवाज होता! कुणी ताट वाजवत होतं, कुणी शिट्ट्या मारत होतं. इंदुताईंना लोकांनी खुर्चीवर उभं केलं आणि त्या “पडते की रे, पडते की,” म्हणत रडत हसत होत्या. त्या आवाजात विजयश्री कधी उठून गेली, कुणाला कळलं नाही.

अकरातल्या दहाजणी पास झाल्या होत्या. विजयश्री इंग्रजीत राहिली. सत्तावीस गुण.

इंदुताईंनीच तिला लॉकरच्या खोलीत शोधलं. वर्षाली दारापर्यंत गेली आणि थांबली. विजयश्री भिंतीकडे तोंड करून बसली होती. “ताई, आज काय वाक्य सांगू नका,” ती म्हणाली.

“न्हाई सांगत,” इंदुताई म्हणाल्या आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या. सुट्टी संपल्याचा भोंगा होईपर्यंत दोघी तशाच बसून राहिल्या.

संध्याकाळी बस सुटली तेव्हा पेढे वाटले जात होते, पण विजयश्री पुढच्या सीटवर एकटी होती म्हणून बायका जरा दबूनच बोलत होत्या. आळंदी फाट्याच्या पुढे जाम लागला. तशी विजयश्रीच वळली. डोळे सुजलेले, पण आवाज खणखणीत.

“मॅडम, पुरवणी परीक्षेचा फॉर्म कवा सुटतोय?”

“आठ-दहा दिवसांत.”

“मग तवर बसमधी इंग्रजीच घ्या. गणित बंद. आन् ह्या सगळ्या पास झाल्या म्हणून सुटल्या न्हाईत. मी एकटी खेळनार न्हाई.”

“कोण सुटलंय?” इंदुताईंनी फोन बाहेर काढला. “कोड सांगा मॅडम!”

वर्षालीने उभ्या उभ्या पाच प्रश्न तयार केले. तिला स्वतःलाच घाई झाली होती. कोड गेला. अकरा नावं आली. सोपानरावांनी गाडीचा रेडिओ बंद केला. पहिला प्रश्न : ‘ब्रिंग’ या क्रियापदाचा भूतकाळ काय?

वीस सेकंद. मग बसभर हळहळ. अकरापैकी आठजणींनी ‘ब्रँग’ दाबलं होतं आणि त्यांत सगळ्यात आधी दाबणाऱ्या इंदुताई होत्या.

यादीत सगळ्यात वर विजयश्रीचं नाव होतं. “ब्रॉट!” ती सीटवर उलटी गुडघ्यांवर बसून ओरडली. “ब्रॉट असतंय ते, ब्रॉट! पुढचा घ्या मॅडम, लवकर घ्या, गाडी हलायला लागली!”